गोडाचा इकामा

गोड खायची एक पद्धत असते आणि ती फक्त आपल्यालाच कळलेली आहे, असं समजणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. एक पुरे झाला. सौदीतल्या अल खर्जमध्ये आम्ही बरीच वर्षं काढली आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक शुक्रवारी दुपारी हा माणूस आमच्याकडे किंवा आम्ही त्याच्याकडे जेवायला असायचो. माझ्या नवऱ्याचा तो साहेब. एका डेअरीच्या प्लांटमध्ये क्वालिटीचा मुख्य, म्हणजे दिवसभर ताक-दही चाखून नाक मुरडण्याचा पगार घेणारा. सगळी मराठी मंडळी त्यांना काका म्हणत. मीही काकाच म्हणायचे, कारण मनात जे नाव ठेवलं होतं त्या नावाने नवऱ्याच्या साहेबाला हाक मारता येत नाही.

काकांना मधुमेह होता. तो पुष्कळांना असतो. पण काका तो अशा थाटात सांगायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, सरकारने यांना काहीतरी बहाल केलेलं आहे. नवी ओळख झाली की नाव, गाव, प्लांटमधला हुद्दा आणि लगेच साखर. समोरचा माणूस सहानुभूतीने काही बोलायला जाईपर्यंत काकांनी बासुंदी मागवलेली असायची. मग त्या बिचाऱ्याचं तोंड उघडंच राहायचं आणि काकांना तेच बघायचं असायचं.

"गोड शत्रू नाही, घाई शत्रू आहे," हे त्यांचं पहिलं वाक्य. दुसरं वाक्य खास तिथलं होतं. सौदीत परक्या माणसाला इकामा, म्हणजे राहायचा परवाना लागतो आणि त्याच्यामागे कफील, म्हणजे त्याची हमी घेणारा मालक लागतो. काका म्हणायचे, "साखर ही रक्तात परकी बाई आहे. तिला मोकळी सोडायची नाही. कोशिंबीर हा गोडाचा इकामा आणि उसळ हा गोडाचा कफील. हे दोन्ही असल्याशिवाय पोटात प्रवेश नाही." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मनापासून हसले होते. पुढे ते इतक्या वेळा ऐकलं की काकांच्या पानात कोशिंबीर वाढताना माझा हात जड व्हायला लागला.

त्यांचं जेवण म्हणजे मिरवणूक होती. सगळ्यांत पुढे काकडी-गाजराची कोशिंबीर, एकेक घास चावून चावून. तिच्यामागून मोड आलेल्या मटकीची उसळ. मग ज्वारीची अर्धी भाकरी, भात नावाला, आणि सगळ्यांत शेवटी पालखीतून यावं तसं गोड. ते खायला त्यांच्या शर्टाच्या खिशात एक चांदीचा चमचा असायचा, लहान बाळाला औषध पाजतात तेवढा. त्या चमच्याने ते श्रीखंड खायला लागले की बाकीच्यांच्या दोन वाट्या होऊन गप्पा राजकारणावर गेलेल्या असायच्या आणि काका अजून डोळे मिटून पहिल्या वाटीच्या काठाशीच असायचे.

मी तिथल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये नर्स होते. दिवसभर लोकांची बोटं टोचायची आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं पथ्य हिंदीत, मोडक्या अरबीत, कधी हातवाऱ्यांनी समजावून सांगायचं, हे माझं काम. त्यामुळे चीड कशाची यायची, तर काकांच्या पद्धतीत चुकीचं काहीच नव्हतं याची. आमचे डॉक्टर हेच सांगायचे. आधी भाजी आणि डाळ, गोड थोडं आणि जेवणाच्या शेवटी, त्यानंतर जरा चाला, औषध चुकवू नका. डॉक्टरांना हे सांगायला पेशंट खुर्चीतून उठेपर्यंतचा वेळ पुरायचा. काकांना अख्खी दुपार लागायची, आणि ऐकणाऱ्याला शेवटी असं वाटायचं की हे सगळं यांनीच शोधून काढलंय आणि डॉक्टर लोक यांची नक्कल करतात.

मला ते कायम 'सिस्टर' म्हणायचे. क्लिनिकमध्ये ठीक आहे, पण माझ्या घरात, माझ्याच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहूनसुद्धा "सिस्टर, काकडी किसू नका, चिरा. किसलेल्या काकडीला चावावं लागत नाही." मी चिपळूणची. आमच्याकडे पाहुण्याने स्वयंपाकघरात येऊन काकडीबद्दल बोलायची पद्धत नाही. मी काकडी किसायचेच. ते ती खायचे आणि चेहऱ्यावर असा भाव ठेवायचे की हा त्याग इतिहासात नोंदला जावा.

जेवणानंतरचं चालणं तर सगळ्या गावाला माहीत होतं. अल खर्जच्या उन्हाळ्यात दुपारी रस्त्यावर माणूस चालू शकत नाही, म्हणून काका सुपरमार्केटमध्ये जाऊन चालायचे. रिकामी ट्रॉली ढकलत, मिठायांच्या फडताळांसमोरून, कारण त्यांच्या मते ती सगळ्यांत थंड गल्ली होती. ट्रॉलीत ते कधीच काही घेत नसत. तिथला केरळचा सेल्समन त्यांना पहिल्यांदा दुकानाचा इन्स्पेक्टर समजला होता आणि त्याने धावपळ करून खोकी नीट लावली होती, हे काका स्वतःच कौतुकाने सांगायचे.

कुणाच्या घरी जेवण असलं की ते त्या घरात चालायचे. हॉल, पॅसेज, झोपायची खोली, परत हॉल. एकदा आमची मुलगी अभ्यास करत होती आणि ती बाहेर येऊन म्हणाली, "मम्मा, अंकल मेरे रूम में वॉक कर रहे हैं. अॅन्ड ही इज चेकिंग माय कबर्ड." ते कपाट बघत नव्हते, तिथे वळत होते. पण मुलीने त्या दिवसापासून शुक्रवारी दुपारी दाराला आतून कडी घालायला सुरुवात केली आणि काकांनी मला सांगितलं की तुमच्या घराची रचना रक्ताभिसरणाला सोयीची नाही.

रमजानची एक गोष्ट माझा नवरा सांगतो. प्लांटच्या आवारात इफ्तारचा तंबू लागायचा आणि सगळ्यांनाच आमंत्रण असायचं. काकांच्या शेजारी पॅकिंगचा इजिप्तचा मॅनेजर बसला होता. त्याने पहाटेपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. त्याने खजूर तोंडात टाकला मात्र, काकांनी त्याला समजवायला घेतलं की खजूर एकटा पाठवू नये, त्याच्याबरोबर बदाम पाठवावेत, लबन, म्हणजे तिथलं ताक, पाठवावं. तो माणूस फार सभ्य. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि कुनाफ्याचं ताट, म्हणजे चीज घातलेली पाकातली शेवयांची वडी, काकांच्या पुढ्यात सरकवून म्हणाला, यल्ला, आता खा. काका म्हणाले, काकडी कुठे आहे? मग त्या तंबूत उपाशी माणसं काकांसाठी काकडी शोधत फिरली. शेवटी स्वयंपाक्याने आतून एक आणून दिली. काकांनी ती सावकाश खाल्ली, खिशातला चमचा काढला, कुनाफा खाल्ला आणि चीजमध्ये मीठ राहिलंय असा शेरा मारला. माझा नवरा म्हणतो, तेव्हा त्याला नोकरी सोडावीशी वाटली होती.

काकूंबद्दल आतापर्यंत मी काही लिहिलं नाही, कारण काकाही कधी बोलत नसत. "मी कोशिंबिरीने सुरुवात करतो" असं ते म्हणायचे तेव्हा वाटायचं, कोशिंबीर यांच्या पानात आपोआप उगवते. ती काकू चिरायच्या. मटकी भिजत घालणं, मोड आणणं, मिरजेहून आणलेलं ज्वारीचं पीठ पुरवून पुरवून वापरणं, श्रीखंडाचा चक्का बांधणं, सगळं काकूंचं. मिरजेच्या बाई, बारीक, हळू बोलणाऱ्या. नवऱ्याचं भाषण चालू असताना त्या कधी मध्ये बोलत नसत, फक्त त्याच्या पानात पुढचा पदार्थ योग्य वेळी येऊन पडायचा. पद्धत काकांची होती, असं सगळे म्हणायचे. मला विचाराल तर पद्धतीचे हात-पाय काकूंचे होते आणि काकांचं फक्त तोंड होतं.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती मात्र काकूंना आणि मलाच माहीत होती. काका इन्सुलिन घ्यायचे. जेवणाआधी थोडंसं, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, रीतसर. मला ते क्लिनिकमध्ये कळलं होतं आणि क्लिनिकमध्ये कळलेलं बाहेर बोलायचं नसतं, म्हणून मी नवऱ्यालाही कधी सांगितलं नाही. इन्सुलिन घेण्यात लाज वाटण्यासारखं काय आहे? काही नाही. पण काकांना ती भयंकर वाटायची. साखर तपासायचं मशीन ते चारचौघांत मिरवायचे आणि इन्सुलिनचं पेन थंड राहायला थर्मासच्या पिशवीत घालून गाडीत लपवायचे. लोकांना वाटायचं, हा माणूस निव्वळ काकडीच्या जोरावर जिलब्या पचवतो. लोकांना तसं वाटावं हीच त्यांची खरी भूक होती. जिलबी नंतर.

मशीनचा कार्यक्रम ठरलेला असायचा. पंगतीतल्या सगळ्यांत मोठ्या माणसाने शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत उठायचं नाही, हा काकांच्या घराण्याचा नियम. त्यामुळे ते उष्टा उजवा हात तसाच ठेवून बसून राहायचे आणि डावा पुढे करायचे. माझा नवरा भराभर जेवून, हात धुऊन त्यांच्याजवळ येऊन बसायचा. प्लांटमधला चांगला शिकलेला इंजिनियर, पण शुक्रवारी साहेबाचं बोट टोचायला. मग आकडा यायचा, तो नेहमी शहाण्यासारखा असायचा आणि मशीन नव्या बाळाच्या फोटोसारखं पंगतीतून फिरायचं. मी एकदा म्हटलं होतं की काका, जेवल्या जेवल्या बघून काही कळत नाही, गोड रक्तात यायला वेळ लागतो, पहिल्या घासानंतर दोन तासांनी बघायचं असतं. ते म्हणाले, "सिस्टर, दोन तासांनी इथे कोण बसलेलं असतं?" आयुष्यात एवढं खरं ते एकदाच बोलले असतील.

तर ती जानेवारीतली गोष्ट. सव्वीस जानेवारी झाली की पुढच्या शुक्रवारी आम्ही मंडळी जमायचो आणि जिलबी-मठ्ठ्याचं जेवण करायचो. गावाबाहेर एक इस्तिराहा भाड्याने घ्यायचा, म्हणजे उंच भिंतीच्या आत हिरवळ, खजुराची झाडं, एक पोहायचा हौद आणि गालिचे घातलेली लांबलचक खोली. थंडीत हौद कोरडाच असायचा. खोलीत प्लास्टिकचा सुफरा पसरून पंगत. पहिली पुरुषांची, कारण ते दमलेले असतात. कशाने, ते विचारायचं नाही.

जिलब्या आम्ही बायका तिथेच तळत होतो. काकू कढईशी, मी पाकाशी. गरम जिलब्यांचं पहिलं ताट आत गेलं आणि ते नेमकं काकांच्या डाव्या बाजूला ठेवलं गेलं. ताट बाजूला असताना काका गप्प बसतील हे शक्यच नव्हतं. स्वतः मोजून-मापून खाणाऱ्या माणसाला दुसऱ्याला आग्रह करायची फार हौस असते. उजवा हात उष्टा, म्हणून डाव्या हाताने त्यांनी जिलब्या उचलून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पानांत टाकायला सुरुवात केली. हा नको म्हणतोय त्याला दोन, तो हात आडवा धरतोय त्याला बोटांच्या फटीतून एक. स्वतः त्यांनी एकच खाल्ली, चमच्याने तुकडे करून. मग कागदी रुमालाने डावा हात पुसला आणि तो नवऱ्यापुढे धरला.

मी मठ्ठ्याचा जग घेऊन दारातच आले होते. नवऱ्याने बोट टोचलं, पट्टीला थेंब लावला आणि त्याचा चेहरा उतरला. त्याने मशीन फिरवलंच नाही. शेजारी नागपूरचे एक अकाउंटंट बसायचे, त्यांनी वाकून आकडा वाचला आणि मोठ्याने सांगितला. तेवढा आकडा आमच्या क्लिनिकमध्ये आला असता तर मी पेशंटला चालत घरी जाऊ दिलं नसतं. काका म्हणाले, मशीन बिघडलंय, दुसरं बोट घे. नवऱ्याने शेजारचं बोट घेतलं. आकडा आणखी वर गेला.

मग अकाउंटंट म्हणाले, "काका, जिलबीचा इकामा बनावट निघाला वाटतं."

काय हसली मंडळी. वर्षानुवर्षांची कोंडलेली हवा बाहेर पडावी तसे लोक हसले. इजिप्तच्या मॅनेजरच्या वतीने हसले, त्या सगळ्या काकड्यांच्या वतीने हसले. मीही जग हातात धरून हसले आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. त्या माणसाने ते हसू कष्टाने कमावलं होतं.

शेवटचा माणूस अजून मठ्ठा पीत होता आणि काका उठले. घराण्याचा नियम मोडून, हातही न धुता, उष्टा हात बाजूला धरून सरळ बाहेर गाडीकडे गेले. मला वाटलं, रुसले. सगळ्यांनाच तसं वाटलं.

मग आम्हा बायकांची पंगत बसली. खिडकीतून काका दिसत होते. ते कोरड्या हौदाभोवती चालत होते, नेहमीसारखे रमतगमत नाही, कुणीतरी मागे लागल्यासारखे. आमची कोशिंबीर झाली, भात झाला, आवराआवर सुरू झाली, तरी ते चालतच होते. माझा नवरा त्यांना चहाला बोलवायला गेला तर त्याच्यावर खेकसले. काय बोलले ते त्याला नीट कळलं नाही, शब्द एकमेकांत अडकत होते. तो परत येऊन म्हणाला, साहेब फारच चिडलेत. अकाउंटंट म्हणाले, चिडू द्या, जिलबी जिरेल.

काकू माझ्याजवळ आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "मी गाडीपाशी जाऊन आले मघाशी. पिशवी उघडीच होती. पेन वापरलंय गं त्यांनी."

जेवणाआधीचं त्यांनी घेतलेलं होतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं. म्हणजे हे वरचं, त्या आकड्याला घाबरून, लोकांच्या हसण्याला घाबरून, कुणाला न विचारता घेतलेलं. तरीही मला वाटलं, साखर एवढी चढली असेल तर निदान उतरेल. मी बाहेर गेले. काका हौदाच्या काठावर बसले होते. जानेवारीच्या गार हवेत, जिथे आम्ही सगळे स्वेटर घालून होतो, तिथे त्यांचा शर्ट पाठीला चिकटलेला होता. कपाळावरून घाम गळत होता आणि ओठ थरथरत होते. चढलेल्या साखरेचं हे रूप नव्हे, हे मला झोपेतही कळलं असतं. ही तळाला गेलेली साखर होती. मी त्यांना काठावरून मागे ओढायला त्यांचा डावा हात धरला आणि तो हात माझ्या हाताला चिकटला.

घामाने नाही. पाकाने. मनगटापासून बोटांच्या पेरांपर्यंत जिलबीचा पाक वाळून बसला होता. तेव्हा सगळं डोक्यात लख्ख झालं. नवऱ्याने रक्ताबरोबर पाक मोजला होता, दोन्ही वेळा. काकांची साखर चढलेलीच नव्हती. त्यांची पद्धत त्या दिवशीही बरोबर होती, आणि बरोबर असलेल्या साखरेवर त्यांनी जास्तीचं इन्सुलिन टोचलं होतं आणि वर हौदाभोवती चालून चालून होती नव्हती ती साखरही जाळली होती. अजून थोड्या वेळात ते बेशुद्ध पडले असते, झटका आला असता, आणि मोठं हॉस्पिटल गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. माणूस यात जातो. मला त्या क्षणी खरंच भीती वाटली.

मी ओरडून पाक मागवला आणि नवऱ्याला अँब्युलन्सला फोन लावायला सांगितला. काकू पातेलंच घेऊन धावत आल्या. मी काकांच्या खिशातला त्यांचाच चमचा काढला, भरला आणि तोंडाशी नेला. शुद्ध अजून होती, गिळता येत होतं. आणि या माणसाने, ज्याच्या पुढून आयुष्यभर कुणाला वाटी उचलता आली नाही त्याने, तोंड घट्ट मिटून घेतलं.

"नको," ते दातांच्या फटीतून म्हणाले. "मला गोड चालत नाही. सगळ्यांनी बघितलंय."

मंडळी भोवती जमली होती. अकाउंटंटचाही चेहरा उतरला होता. मी समजावून सांगितलं, नवऱ्याने हात जोडले. काका मान इकडे-तिकडे फिरवत राहिले आणि पाक त्यांच्या हनुवटीवरून शर्टावर ओघळला. तेव्हा काकूंनी माझ्या हातातून चमचा घेतला. त्या त्यांच्यासमोर गवतावर बसल्या. आवाज चढवला नाही, पण तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

"मी तुमच्या साखरेला कधी घाबरले नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या लाजेलाच घाबरत आले. तोंड उघडा."

काकांनी तोंड उघडलं.

एक चमचा, मग दुसरा, मग पुढचे. काकू भरवत होत्या आणि मी काकांच्या मानेखाली हात धरून बसले होते. हळूहळू ओठांची थरथर थांबली, डोळे ओळखीचे झाले. मी साबण-पाणी मागवून त्यांचा अंगठा स्वच्छ धुतला, पुसला आणि टोचला. एवढा पाक पोटात जाऊनही आकडा अजून खालीच होता. मग सगळ्यांच्या देखत शेजारचं न धुतलेलं बोट टोचलं, तर आकडा पुन्हा आभाळाला. एकाच हाताच्या दोन बोटांत दोन वेगळी माणसं निघाली. माझा नवरा मशीनकडे बघत राहिला. त्याला बिचाऱ्याला बोट टोचायला शिकवलं होतं, धुवायला कुणी शिकवलं नव्हतं.

अँब्युलन्स येईपर्यंत काकांना पूर्ण भान आलं होतं. जीव वाचल्यावर माणूस पहिलं काय बोलेल? देवाचं नाव घेईल, बायकोचं घेईल. काकांनी ओठांवरून जीभ फिरवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "सिस्टर, पाक दोनतारी झालाय. जिलबीला एकतारी लागतो."

मला त्यांना हौदात ढकलून द्यावंसं वाटलं. हौद कोरडा होता म्हणून राहिलं.

हॉस्पिटलमधून दुसऱ्या दिवशी घरी आले आणि पुढच्याच शुक्रवारी नवं प्रवचन सुरू झालं. कोशिंबिरीच्या आधी आता साबण आला होता. "लोक पदार्थाचा विचार करतात, बोटाचा करत नाहीत," असं ते सगळ्यांना सांगायचे, जणू हौदाकाठी त्यांनी मुद्दाम एक प्रयोग करून दाखवला होता आणि आम्ही त्यात मदतनीस होतो. नव्या माणसांना ते "मी एकदा सिद्ध केलं" अशी सुरुवात करून ही गोष्ट सांगायचे. त्यांच्या गोष्टीत हसणारं कुणी नसायचं, पाक कुणी भरवत नसायचं. मी जवळ उभी असले तर ते माझ्याकडे बघायचे आणि मी मठ्ठा आणायला आत जायचे.

एक गोष्ट मात्र बदलली होती आणि ती काकांनी बदललेली नव्हती. त्या शुक्रवारी काकूंनी सुफऱ्यावर मशीन ठेवलं आणि त्याच्या शेजारी, सगळ्यांना दिसेल असं, इन्सुलिनचं पेन ठेवलं. काकांचं बोलणं मध्येच तुटलं. काकू कोशिंबीर वाढत म्हणाल्या, दाखवायचं तर दोन्ही दाखवा. अकाउंटंटनी पेन बघितलं, मग स्वतःच्या बॅगेतून हुबेहूब तसलंच पेन काढलं आणि मुकाट्याने त्याच्या शेजारी ठेवलं. त्यांनाही मधुमेह होता, कुणालाच माहीत नव्हतं. पंगतीत कुणी हसलं नाही. काकांनी पानाकडे बघत शर्ट वर केला आणि डोस घेतला. त्यानंतर ते पेन कधी गाडीत राहिलं नाही. काकांनी त्याचंही पुढे प्रवचन केलं असतं, पण त्या विषयावर काकू त्यांना बोलू देत नसत.

वयाची साठी झाल्यावर त्यांचं फायनल एक्झिट, म्हणजे सौदी सोडून कायमचं परत जाणं, लागलं. निरोपाचं जेवण आमच्याच घरी होतं आणि काकांच्या हुकुमावरून जिलबी होती. या वेळी पाक मी एकतारीच केला होता, बोलणी खायला लागू नयेत म्हणून. त्या दिवशी मुलगीही पंगतीला बसली, आणि काका तिच्या खोलीत चालायला गेले तेव्हा तिने कडी घातली नव्हती. भाषणं झाली. काकांचं सगळ्यांत लांब. त्यात प्लांट होता, लबन होतं, काकडी होती. माझं नाव नव्हतं, काकूंचं नव्हतं.

बायकांची पंगत बसली तेव्हा काका आत आले. हे ते कधी करत नसत. जेवून झालं होतं, चालायची वेळ होती, तरी जिलब्यांचं ताट उचलून माझ्या पानापाशी येऊन उभे राहिले. मी म्हटलं, काका, नको, झालंय माझं. त्यांनी ऐकलं नाही. ताट उजव्या हातात धरून डावा हात माझ्यासमोर आणला, आधी तळवा दाखवला, मग उलटा करून नखं दाखवली. शाळेत बाईंना दाखवतात तसे.

"धुतलाय," ते म्हणाले.

आणि त्या हाताने एक जिलबी माझ्या पानात ठेवली. आभार म्हणा, माफी म्हणा, त्या माणसाकडून मला मिळालं ते एवढंच. ते तसेच उभे राहिले, मी खाते की नाही बघत. काकूही पलीकडून बघत होत्या. मी जिलबी मोडली आणि खाल्ली. ते पुढे काही बोलले नाहीत, पाकाबद्दलसुद्धा नाही.